नारायणकाकांना हवा स्थानिक जामीनदार

नारायणकाका खांबेट्यांकडे खोली भाड्याने मागायला जाण्यापेक्षा कोणाची मुलगी मागायला जाणं सोपं. तिथे निदान पोहे तरी मिळतात. भवानीपूरमधल्या त्यांच्या दुमजली घरात तळमजल्यावर मी चार वर्षं राहतो आहे, तेव्हा हे अनुभवाचे बोल आहेत.

माझी बँकेची नोकरी. नाशिकहून कलकत्त्याला बदली झाली, तेव्हा कोणीतरी सांगितलं की भवानीपूरला एक मराठी गृहस्थ आहेत, त्यांची खालची जागा रिकामी आहे. मला वाटलं, आपलाच माणूस, घोडं गंगेत न्हालं. काकांनी माझी पगाराची पावती पाहिली, बँकेचं पत्र पाहिलं, आणि म्हणाले, "उत्तम. आता जामीनदार आणा. स्थानिक हवा. कलकत्त्यात स्वतःचं घर असलेला, म्हणजे पळून जाऊ शकणार नाही असा."

मी आमच्या शाखेच्या मॅनेजरसाहेबांना घेऊन गेलो. काकांनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "सारंगराव, हे स्वतःच बदलीवाले. उद्या हे गुवाहाटीला गेले, तर मी तुम्हाला शोधायचं की ह्यांना?" मग मी आमच्या शाखेचे एक खातेदार, छत्र्यांचे व्यापारी घोषबाबू, ह्यांच्या हातापाया पडलो. काकांनी त्यांची अशी काही उलटतपासणी घेतली की शेवटी घोषबाबू मला बाजूला घेऊन म्हणाले, "आपल्याला घर भाड्याने घ्यायचंय की विकत?" पण ते पास झाले. आता दर रविवारी ते काकांशी बुद्धिबळ खेळायला येतात आणि माझ्या दाराकडे बघतही नाहीत.

काकांचा स्वभाव वाईट नाही. दोष असेलच तर त्यांच्या धंद्याचा. ते विमा कंपन्यांसाठी आगीच्या नुकसानीचे सर्व्हेअर होते. उमेदीची सगळी वर्षं हावड्याच्या गोदामांत जळका ताग हुंगण्यात गेली. "प्रत्येक आगीत दोन गोष्टी हमखास सापडतात, राख आणि थापा," असं ते सांगतात. त्यामुळे काकांचं तोंड दुधाने कधी पोळलं नसलं, तरी ते ताक फुंकूनच पितात. घरी आलेल्या आंब्याच्या पेटीतसुद्धा ते आधी तळाचा आंबा काढून बघतात.

त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे ते जन्माने कलकत्त्याचे. त्यांचे आजोबा इथे आले, वडिलांनी हे घर बांधलं, आणि काकांचं बारसं ह्याच घरात झालं. ही माहिती ते गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालाही देतात. गल्लीतली माणसं मात्र तीन पिढ्यांनंतरही ह्या घराला 'मराठीबाबूंचं घर' म्हणतात. काकांना ते आवडत नाही, म्हणून ते त्यांना ऐकू येत नाही.

मंदाकिनीकाकू सांगलीच्या. लग्न होऊन इथे आल्या, बंगाली शिकल्या आणि मुलींच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला. अर्ध्या भवानीपूरला गंगेचा उगम काकूंमुळे माहीत झाला आहे. त्यांचं बंगाली काकांपेक्षा चांगलं, हे खुद्द घोषबाबूंचं मत. तरीपण मासळीच्या भावापासून निवडणुकीच्या निकालापर्यंत कुठलाही विषय निघाला की काका हसत म्हणणार, "आमची ही सांगलीची. हिला इथलं काय कळणार?" हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मला ते त्यांच्या घरातल्या पंख्याच्या आवाजासारखं झालं होतं. काकू भाजी चिरत असल्या तर चिरत राहत.

अशा घरात यित्का आली, आणि तीही डासांमुळे.

यित्का चेक देशाची. वय सत्तावीस-अठ्ठावीस, उन्हाने लाल झालेलं नाक, खांद्यावर कायम एक पिशवी आणि त्या पिशवीत काचेच्या बाटल्या. इथल्या एका संशोधन संस्थेत ती डासांचा अभ्यास करायला आली होती. घरोघरी जाऊन गच्चीवरच्या कुंड्यांत, टाक्यांत साठलेल्या पाण्यातून अळ्या गोळा करायच्या, हे तिचं काम. गल्लीतल्या बहुतेकांनी तिला दारातूनच वाटेला लावलं. काकूंनी तिला गच्चीवर नेलं. पहिल्याच दिवशी सगळ्यात भरघोस पीक निघालं ते काकांच्या लाडक्या जास्वंदीच्या कुंडीखालच्या थाळीत.

"माझ्या कुंडीत?" काका इंग्रजीत गरजले.

"फार सुंदर नमुने आहेत, सर," यित्का मनापासून म्हणाली. काकांना राग यावा की अभिमान वाटावा, हे संध्याकाळपर्यंत ठरलं नाही.

मग ती दर आठवड्याला येऊ लागली. अळ्या दहा मिनिटांत गोळा होत, पण ती तासभर थांबे. काकू तिला थालीपीठ द्यायच्या आणि दोघी बंगालीत बोलत बसायच्या. एक सांगलीची, एक चेक देशाची, आणि बोलणं बंगालीत. काकू तिचे उच्चार सुधारायच्या, अगदी शाळेत सुधारायच्या तसे. काका वर्तमानपत्राआडून ऐकत आणि मधूनच एखादा शब्द चुकीचा दुरुस्त करत.

गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी ती आली ती बाटल्या न घेताच. मीही तेव्हा वर होतो, कारण घोषबाबू गावाला गेले होते आणि काकांना बुद्धिबळात हरवायला कोणीतरी हवं होतं. यित्का खुर्चीच्या कडेवर बसली आणि काकूंना बंगालीत सगळं सांगितलं. संस्थेच्या अतिथिगृहातली तिची खोली महिनाअखेर काढून घेणार होते, नवीन लोक येणार म्हणून. भाड्याने जागा शोधून ती थकली होती. परदेशी बाई, एकटी, पोलिसांत कळवावं लागतं, वर डासांचा अभ्यास, ह्यांतलं काहीतरी एक ऐकून लोक दार लावून घेत. जे तयार होते ते स्थानिक जामीनदार मागत. संस्था कोणाची हमी घेत नव्हती. जागा मिळाली नाही तर काम अर्धवट टाकून परत जावं लागणार होतं, आणि अर्धवट कामाला तिकडे कोणी विचारत नाही. एवढं बोलून ती रडली नाही, पण तिचं नाक नेहमीपेक्षा लाल झालं.

काकू मराठीत काकांना म्हणाल्या, "वरची मागची खोली रिकामीच आहे."

"खोली आहे," काका पटावरचा उंट सरकवत म्हणाले. "जामीनदार आहे का?"

"अहो, तिला इथे कोण ओळखतं?"

"डास," काका म्हणाले. मला हसू आलं.

"आपला नचिकेत म्युनिकला गेला, तेव्हा त्यालाही कोणीतरी जागा दिलीच ना?"

"त्याची हमी त्याच्या कंपनीने घेतली होती. मी कागद पाहिलाय." काकांच्या मुलाची हमीसुद्धा काकांनी तपासली होती, हे मला नवीन होतं. "मंदा, मुलगी चांगली आहे, मी नाही कुठे म्हणतोय? पण नियम तो नियम. सारंगरावांना विचार. स्थानिक जामीनदार आणू दे, उद्या किल्ली देतो."

"मी होते जामीनदार," काकू म्हणाल्या.

काका मनापासून हसले. "अगं, जामीनदार स्थानिक लागतो. तू सांगलीची!"

काकूंनी हातातली कपबशी खाली ठेवली. एक खुर्ची ओढली, बुद्धिबळाचा पट माझ्याकडे सरकवला आणि काकांच्या बरोब्बर समोर बसल्या.

"विचारा," त्या म्हणाल्या. "छत्रीवाल्यांना जे जे विचारलंत, ते सगळं मला विचारा."

काकांना वाटलं, गंमत चालली आहे. त्यांनी चष्मा नाकावर चढवला, घसा साफ केला आणि सर्व्हेअरच्या आवाजात सुरू झाले.

"कलकत्त्यात किती वर्षं वास्तव्य?"

"एक्केचाळीस. तुमचं बारसं आणि मुंज सोडली, तर ह्या घरातलं सगळं मी पाहिलंय."

"नोकरीधंदा?"

"शाळामास्तरीण. तुम्ही गटाराची तक्रार घेऊन ज्या नगरसेविकेकडे जाता ना, ती माझी विद्यार्थिनी. अर्ज तुमचा असतो, काम माझ्या नावावर होतं."

मी पटाकडे बघत राहिलो. काका जरा चपापले, पण त्यांना प्रश्न तोंडपाठ होते.

"परिसरात ओळखणारे कोण?"

"खाली जाऊन विचारा, नारायणबाबू कुठे राहतात. लोक सांगतील, मंदादींच्या घरी."

"बरं, बरं," काका म्हणाले, आणि सवयीने पुढचा प्रश्न त्यांच्या तोंडून गेला. "कलकत्त्यात स्वतःचं घर आहे का?"

घर काकांच्या वडिलांचं, आता काकांच्या एकट्याच्या नावावर. माझ्या भाडेकरारात मी ते वाचलं आहे.

"ते तुम्ही सांगा," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "एक्केचाळीस वर्षं तुम्ही मला सांगलीची म्हणता आणि मी हसण्यावारी नेते. सांगलीला गेले की भाऊ म्हणतो, कलकत्त्याची पाहुणी आली. तर माझं घर नक्की कुठे आहे, तेवढं सांगा. नसलं तर नाही म्हणा. मग मी जामीनदार होत नाही, आणि ही मुलगी जाईल."

यित्काला मराठी कळत नव्हतं. पण आपलं काहीतरी ठरतं आहे आणि त्याहून मोठंही काहीतरी ठरतं आहे, हे तिला दिसत असावं. ती एकदा काकांकडे, एकदा काकूंकडे बघत होती. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण उठण्याचाही आवाज झाला असता.

काकांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. कोणाचं बोलणं खरं आणि कोणाचं खोटं, हे शोधण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या माणसाला समोरचं एक खरं बोलणं झेपत नव्हतं. मला त्यांची दया आली आणि काकूंचा अभिमान वाटला, दोन्ही एकदमच.

"आहे," काका शेवटी म्हणाले.

"कुठे?"

"कुठे काय, मंदा? हेच. हे तुझंच घर आहे."

"विचार करून सांगताय ना?"

"आता काय स्टँपपेपरवर लिहून देऊ?"

"द्या की. अलीपूर कोर्टातले सेनवकील माझ्या विद्यार्थिनीचे यजमान आहेत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी उंटाकडे पाहिलं. मग काका हळूच म्हणाले, "देतो," आणि ते गमतीत म्हणाले नाहीत.

काकूंनी पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या, यित्काकडे वळल्या आणि तिला बंगालीत सांगितलं, उद्या सकाळी सामान घेऊन ये, खोली तुझी. यित्काला आधी पटेना. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग काकूंना अशी मिठी मारली की काकूंचा चष्मा वाकडा झाला.

"अगं पण," काकांना अजून एक गोष्ट सलत होती, "जामीनदाराचं काय?"

"मी माझ्या घरात जामीनदार मागत नाही," काकू म्हणाल्या.

काका मग उठले आणि मागच्या खोलीतला पंखा नीट फिरतो का, ते बघायला गेले.