आईचा लाडका बॉक्सर

ठोसा बसला की कुया हसायचा. उसनं अवसान आणून नव्हे, अगदी मनापासून. समोरच्याने बरोबर जागा शोधली, याचं त्याला कौतुक वाटायचं. मी ठोसा खाल्ला की माझा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होतो. आमचा ट्रेनर डीटर सगळ्यांदेखत मला म्हणायचा, जरा कुयाकडे बघ. आता मी दुसरं केलंच काय इतकी वर्षं? त्याच्याकडे बघितलं आणि जळत बसलो.

त्याचं खरं नाव लांबलचक होतं. फिलिपिनो लोक थोरल्या भावाला कुया म्हणतात, म्हणून जर्मनीतल्या ऱ्युसेल्सहाइमच्या आमच्या बॉक्सिंग क्लबातले झाडून सगळे, म्हातारा डीटरसुद्धा, त्याला कुयाच म्हणत. मी एश्बॉर्नच्या ऑफिसातून एस-बान लोकल पकडून धापा टाकत यायचो. हा इस्पितळात नर्सची ड्युटी संपवून यायचा, दिवसभर पेशंट उचलून, आणि तरी ताजातवाना. त्यात आमचा वजनगट एकच. स्पर्धेला एका गटात क्लबातून एकच जण जातो. कोण जायचं ते सांगायला नको. मी कायमचा राखीव.

त्याचं बॉक्सिंग एका लहानशा बेटावर सुरू झालं. गावच्या जत्रेत बास्केटबॉलच्या मैदानात दोर बांधून पोरांच्या झुंजी लावत. तिथून प्रांताचा संघ, मग राष्ट्रीय शिबिर, परदेशात एक रौप्यपदक. सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या निवडीआधी हाताचं हाड मोडलं आणि ते राहूनच गेलं. व्यावसायिक बॉक्सिंगवाले घरी येऊन बसले होते, पण हा बधला नाही. खेळाडूंच्या शिष्यवृत्तीवर नर्सिंग शिकला आणि जर्मनीत आला. व्यावसायिक का नाही झालास, असं मी विचारलं तर म्हणाला, "मी आवडीने मार खातो. त्याचा पगार घेतला तर आवड राहणार नाही." अशी वाक्यं मला का सुचत नाहीत, म्हणून घरी पोचेपर्यंत मी धुसफुसत होतो.

हेही सगळं सोसलं असतं. पण पुण्याहून आई आली आणि या गृहस्थाने तिलाही खिशात घातलं. पहिल्याच भेटीत त्याने तिचा हात हलकेच धरला आणि वाकून स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात. आई विरघळली. "शिक जरा," मला म्हणाली. मी विमानतळावर हातात दोन बॅगा घेऊन तिच्या पाया पडलो होतो, ते कुठल्या कुठे गेलं.

त्या वर्षी कुया चाळिशीला टेकला होता. चाळिशी उलटली की हौशी बॉक्सरला स्पर्धेत उतरू देत नाहीत. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी राज्याची स्पर्धा होती आणि ती त्याची शेवटची. आठवडाभर तो काकडी आणि उकडलेल्या अंड्यांवर होता. मीही होतो, कारण राखीव माणसालाही स्पर्धेच्या सकाळी वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. आईला मी बजावून ठेवलं होतं की कुया दर्शनाला येईल, त्याला काही वाढू नकोस. तरी तिने उकडीचा मोदक फोडला आणि वर तुपाची धार धरली. प्रसाद आहे, एवढ्याशाने काय होतंय! मी सरळ नाही म्हटलं. कुयाला मोठ्यांच्या हातचं नाकारायला कुणी शिकवलंच नव्हतं. एक झाला, त्याला जोडी हवी म्हणून दुसरा झाला, मग आईसाठी म्हणून आणखी एक. पाठोपाठ मसालेभात आलाच.

सकाळी माझं वजन बरोबर भरलं. कुयाचं जास्त. डीटरने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, वजनाची वेळ संपेपर्यंत त्याचं उतरलं नाही तर तू खेळशील. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात बाप्पाला हात जोडले. घाम काढायचा प्लास्टिकचा सूट, त्यावर जॅकेट चढवून कुया जिन्याखाली दोरीच्या उड्या मारत राहिला. आईबद्दल एक वाकडा शब्द नाही. मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. अगदी शेवटी तो काट्यावर चढला आणि वजनात बसला. मी हाताच्या पट्ट्या सोडायला घेतल्या.

पण अंगातलं सगळं बळ त्या जिन्याखालीच सांडलं होतं. समोर विशीतला पोरगा. पहिली फेरी कुयाने अनुभवावर काढली, दुसरीत पाय जड झाले, तिसरीत तो दोरांना रेलला. गुणांवर हरला. पंचाने त्या पोराचा हात वर केला तेव्हा सगळा हॉल उभा राहिला होता, तो कुयासाठी. मला हरलेल्या माणसाचासुद्धा हेवा वाटला, आता बोला!

संध्याकाळी तो आरतीला आला, डोळ्याखाली हा एवढा सुजलेला. आई घाबरलीच. त्याने पुन्हा तिचा हात कपाळाला लावला आणि इंग्रजीत म्हणाला, "जिंकलो, आई. तुमच्या मोदकांनी ताकद आली." मग माझ्याकडे असं पाहिलं की मीही मान डोलावली. आईने त्याची दृष्ट काढली. इंडक्शनवर मीठमोहऱ्या जाळता येईनात म्हणून हळहळली आणि लगेच पुण्याच्या सगळ्या सोसायटीला फोन करून त्याचा पराक्रम सांगितला.

नाताळाआधी कुया आपल्या बेटावर परत गेला. तिथे मुलांना शिकवतो म्हणे. त्याची जागा मला मिळाली आणि पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत, त्याच गटात मी जिंकलो. पदक गळ्यात घालूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. तिचे डोळे भरून आले. माझ्यासाठी, असं मला दोन मिनिटं वाटलं.

"कुयासारखाच जिंकलास रे," ती म्हणाली.

तो हरला होता. तुझ्यामुळे हरला होता. सगळं अगदी जिभेवर आलं होतं.

"खरं सांग," आई म्हणाली, "तुमची दोघांची लागली असती तर कोण जिंकलं असतं?"

"कुया," मी म्हणालो.