सखुकाकू मधेच थांबल्या

कुरुंद्यात आमच्या आणि संतरामकाकांच्या घराची भिंत एकच. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगून ठेवल्या. नळाला रोज पाणी येतं, आणि शेजारच्या नवराबायकोत बोलणं नाही. पहिली गोष्ट साफ खोटी निघाली. दुसरी इतकी खरी निघाली, की तिच्यापायी माझा घसा बसायची वेळ आली.

अबोल्याचं मूळ नागपंचमीच्या झोक्यात होतं. संतरामकाकांची बायको सखुकाकू अंगानं काडी, पण झोक्यावर उभी राहिली की तिच्या बरोबरीची बाई अख्ख्या गल्लीत नव्हती. शहाण्णव साली, पोरगी पुनम आठवीत असताना, काकूनं लिंबाच्या फांदीला बांधलेला झोका असा चढवला की पदर एकीकडं आणि बाई एकीकडं. तेवढ्यात संतरामकाका चार मोठ्या माणसांना घेऊन तिथून निघाले. सगळ्यांदेखत ओरडले, "खाली उतर! लाज हाय का न्हाई?" काकू उतरली, पण आणखी चांगले आठ-दहा झोके घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी कुऱ्हाड आणली आणि ती फांदीच तोडून टाकली.

काकू चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "आजपास्नं तुमचा माझा शब्द बंद. पैला शब्द तुमी बोलाल, मंगच मी बोलन."

"बायकोफुडं वाकणारा मी न्हाई," काका म्हणाले. हे त्यांचं तिच्याशी शेवटचं वाक्य. जो आधी बोलेल तो हरला, असं ठरलं आणि दोघंही हरायला तयार नव्हते.

संसार मात्र अगदी व्यवस्थित चालला होता. भांडण नाही, मारझोड नाही, ताटात भाकर वेळेवर. फक्त मधे एक माणूस लागायचा. आधी ते काम पुनम करायची. तिचं लग्न झालं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. काकू भिंतीवरून हाक मारायची, "संगिता, त्यांना म्हणावं, भाकरी झाल्या." काका तिच्यापासून हातभर अंतरावर बाजेवर बसलेले असायचे. मी हातातलं पीठ झटकून ओरडायचे, "काका, भाकरी झाल्या!" त्यावर काका म्हणायचे, "तिला म्हणावं, आयकू आलं." मी पुन्हा, "काकू, त्यांना ऐकू आलं!" एवढं होईपर्यंत माझ्या तव्यावरची भाकर करपून जायची. निरोप दोघांनाही आधीच ऐकू गेलेला असायचा, पण माझ्या तोंडून आल्याशिवाय तो पोचला असं धरायचं नाही, हा तिथला कायदा.

पुनमच्या लग्नात बायकांनी काकूला नाव घ्यायला लावलं, तेव्हा आम्हाला वाटलं, आता अडकली. पण तिनं आधी जाहीर केलं, की उखाणा म्हणजे बोलणं नव्हे. मग खणखणीत आवाजात घेतला, "हळद शिजली, हळद वाळली, हळदीला आला रंग, संतरामराव बोलंनात, मी आपल्या कामात दंग." मांडव हसून हसून आडवा झाला. काका अक्षता मोजत असल्यासारखे तळहाताकडं बघत राहिले.

एकदा काका तापानं फणफणले. मी पेजेची वाटी घेऊन गेले तर दारातच थबकले. काकू त्यांच्या पायथ्याशी बसून समोरच्या भिंतीला विचारत होती, "भित्ताडा, ताप उतरला का रं?" आणि काका डोळे मिटूनच म्हणाले, "भित्ताडा, थोडा उतरला." मला दोघांचा असा राग आला, की ती पेज भिंतीलाच पाजावी. आणि खरं सांगायचं तर वाईटही फार वाटलं. इतका जीव एकमेकांवर, आणि एका शब्दासाठी दोघं म्हातारे व्हायला निघालेले.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर आमच्या बचत गटाची सहल ठरली. कळमनुरीच्या पुढं जंगलाला लागून एक तांडा आहे. तिथला जगन उत्तरेकडं डोंगरावर चढायचं शिक्षण घेऊन आला होता. त्यानं आणि त्याचा मित्र रणजीत यानं झाडांवर माळे बांधले होते, आणि एका माळ्यावरून दुसऱ्यावर जायला जाड तार. कमरेला पट्टे बांधायचे, डोक्यावर हेल्मेट, तारेवर कप्पी, आणि कप्पीला आपण. जगन त्याला झिपलाइन म्हणायचा. आमच्या गटातल्या निम्म्या बायकांनी नाव ऐकूनच माघार घेतली. काकूनं पहिलं नाव दिलं.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून काकांचा निरोप आला. "तिला म्हणावं, पडशील."

काकूचं उत्तर माझ्या तोंडात तयारच ठेवलेलं होतं. "त्यांना म्हणावं, पडले तर पडले. तिथली फांदी न्हाई तोडता येणार, सरकारी जंगल हाय."

सहल बायकांची होती. पण सकाळी टेम्पोपाशी गेलो तर काका ड्रायव्हरशेजारी धोतर सावरून बसलेले. म्हणाले, "कळमनुरीच्या बाजारात काम हाय." त्या दिवशी कळमनुरीचा बाजारच नव्हता. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कळमनुरी आली, गेली, काका काही उतरले नाहीत.

जगननं आधी सगळ्यांना पट्टे बांधले. काकूचं लुगडं काष्ट्याचं, तिला काहीच अडचण आली नाही. मी पाचवारीखाली नवऱ्याची पँट घालून गेले होते. ती पँट पूर्ण वेळ खाली खाली येत होती आणि जंगलातली निम्मी शोभा माझी तिला वर ओढण्यात गेली. काका म्हणाले, आपण नुसतं बघणार. मग काकू पहिल्या माळ्याची शिडी चढायला लागली, तसे काहीही न बोलता जगनपुढं जाऊन हात वर करून उभे राहिले. म्हणजे, बांध.

माळ्यावर उभं राहिल्यावर कळलं, की जंगल खालून वेगळं असतं आणि वरून वेगळं. सागाची एवढाली पानं पायाखाली, एका अर्जुनाच्या शेंड्यावर वानरांचं खटलं बसलेलं. ती वानरं आमच्याकडं अशी बघत होती, की आपल्या घरात हे पाव्हणे कुठून आले. जगन झाडं दाखवत होता, हा मोह, हा बेहडा, आणि दाखवता दाखवता शिकवत होता. "हात कप्पीच्या मागं ठिवायचा. हातमोजा तारेवर दाबला की येग कमी व्हतो. माळा जवळ आल्याबिगर दाबायचं न्हाई. अडकलात मधी, तर वळायचं, पाठ म्होरं करायची अन् हातानं तार वढत यायचं."

पहिल्या तारेवर मी डोळे मिटले ते पलीकडं पोचल्यावरच उघडले. काका हळदीचं पोतं गाडीवरून सोडावं तसे आले आणि रणजीतच्या अंगावर आदळले. काकू आली ती मात्र डोळे टक्क उघडे ठेवून, दोन्ही पाय पुढं ताणून. तिच्या तोंडावरचं हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या तारेआधी तिनं जगनला विचारलं, "हात जास्ती दाबला तं?"

"मधीच थांबाल, काकू."

"कितीक येळ?"

"कोनी न्यायला येईस्तोर."

"असं व्हय," काकू म्हणाली. मी पँट वर ओढत होते, तेव्हा त्या बोलण्याकडं माझं लक्ष असून नसल्यासारखं.

तिसरी तार सगळ्यांत लांब. खाली ओढ्याची खोल घळ, तिच्यावरून पलीकडच्या मोठ्या बेहड्यापर्यंत. जगननं काकूकडं बघून मान हलवली. "काकू, तुमी लई हलक्या. इतं हलकी मानसं मधीच अडकत्यात. जोडीनं जा. काकांसंगं बांधतो."

"तिला म्हणावं, मी येकला जाईन," काका मला म्हणाले.

"त्यांना म्हणावं, मला कुनाच्या वजनाची गरज न्हाई," काकू त्याच क्षणी म्हणाली. जगन बिचारा आमच्या तिघांच्या तोंडांकडं पाळीपाळीनं बघत राहिला. त्याला कायदा ठाऊक नव्हता.

मी गेले, माझ्यामागून काका आले. पलीकडच्या माळ्यावर आम्ही दोघं आणि रणजीत. मग काकू सुटली. छान वेगात येत होती, अगदी छान. आणि घळीच्या बरोबर मध्यावर तिचा वेग एकदम गेला, थोडी पुढंमागं झाली आणि थांबली.

"अडकली!" काका म्हणाले.

रणजीत ओरडला, "काकू, वळा! पाठ इकडं करा, तार वढा!" काकूनं कानापाशी हात हलवला, ऐकू येत नाही म्हणून. पलीकडून जगन ओरडला. तिनं त्याच्याकडंही हात हलवला. मग हाताची घडी घातली आणि पाय हलवत खालच्या ओढ्याकडं बघत बसली. घर, रान, नवरा सगळं मागं ठेवून एखादी बाई निवांत बाजेवर बसावी तशी.

"संगिता, तिला म्हणावं, वळ," काका म्हणाले.

मी तोंड उघडलंही होतं. इतक्या वर्षांची सवय. पण मधे लटकलेली ती काडीएवढी बाई बघितली, शेजारी घामानं डबडबलेला तिचा नवरा बघितला, आणि माझ्या डोक्यात सणक गेली. "मी न्हाई म्हणणार," मी म्हटलं. "आज माझा घसा बंद. तुमीच म्हणा."

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातली भाकर ओढून घेतली. मग ते रणजीतकडं वळले, "पोरा, तिला सांग..." पण रणजीत कप्पी तारेला लावत होता, तिला आणायला जायच्या तयारीनं. काकांनी मग बेहड्याच्या बुंध्यावर हात ठेवला. "झाडा," ते हळूच म्हणाले, "तिला म्हणावं..." झाड काही म्हणालं नाही.

रणजीत निघायला एक पाऊल पुढं झाला, तसा काकांनी त्याचा पट्टा धरून त्याला मागं खेचलं, माळ्याच्या कडेपर्यंत गेले आणि पोट फाटेस्तोवर ओरडले.

"सखू!"

वानरं उड्या मारत पळाली. आमच्याकडं कुणी बायकोला चारचौघांत नावानं हाक मारत नाही. पुनमची माय म्हणतात, नाहीतर नुसतं अगं. लग्नापासून त्यांनी तिला नावानं हाक मारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

काकूनं घडी सोडली. आता तिला स्वच्छ ऐकू आलं. "काय हो?"

काका गडबडले. अकरा वर्षांचं सगळं घशाशी आलं असणार आणि कोणतं आधी काढावं ते समजेना. शेवटी विचारलं, "भेव वाटून राह्यलं का?"

"न्हाई! तुमाला?"

 काकांचा आवाज पडला होता, पण घळीत सगळं ऐकू जात होतं. "व्हय. मला लई भेव वाटून राह्यलं. ती फांदी तोडली, चुकलं माझं. ये आता."

त्यावर काकू शहाण्या मुलीसारखी वळली, पाठ आमच्याकडं केली आणि तार हातावर हात टाकत ओढत आली. विहिरीचं पाणी ओढणाऱ्या बाईला त्यात काय कठीण? रणजीत तोंड उघडं टाकून बघत राहिला. ती माळ्याला टेकली तसा काकांनी तिचा दंड धरला. तिनंही धरू दिला. आणि मग सवयीनं माझ्याकडं वळून म्हणाली, "संगिता, त्यांना म्हणावं..." आणि जीभ चावली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही आवरेना. पँट खाली आलेली होती ती तशीच राहिली.

परतीच्या वाटेवर टेम्पोत काकू बोलायला लागली. अकरा वर्षांत साठलेलं होतं. पुनमच्या सासरचं, पडक्या गोठ्याचं, शहाण्णव सालच्या वरणात मीठ कमी पडल्याचं कबूलही केलं आणि ते मीठ आणायला काका कसे विसरले होते तेही ऐकवलं. काका नुसते "व्हय, व्हय" करत होते. कळमनुरीत चहाला थांबलो तेव्हा बायका उतरल्या आणि काकूनं मला टेम्पोच्या मागं ओढलं.

"मी अडकले नव्हते," ती कानात म्हणाली. "मीच हात दाबला."

"काकू! भेव न्हाई वाटलं?"

"लटकायचं कशाचं भेव. पर त्यो रणजीत मला न्यायला निघाला ना, तवा वाटलं. हे गप राह्यले असते अन् त्या पोरानं मला आणलं असतं, तं मंग जन्मात बोलणं नव्हतं." तिनं टेम्पोआडून काकांकडं नजर टाकली. "त्यांना सांगू नको."

कुरुंद्याला पोचल्यावर काका सामान उतरवायला मागं थांबले. मला म्हणाले, "पोरी, तिनं हात दाबला त्ये म्या पाह्यलं व्हतं. म्होरं तोंड करून पाहूनच राह्यलो व्हतो."

"मंग तुमाला भेव वाटलं म्हणालात, ते खोटं?"

"न्हाई गं. त्ये खरंच. इतक्या वर्सांनी बोलायचं म्हंजे भेव वाटणारच. तिनं वळून पाह्यलं नसतं तं?" त्यांनी पिशवी खांद्यावर टाकली. "तिला सांगू नको."

आत काकू भाकरी थापत होती आणि मोठमोठ्यानं विचारत होती, अहो, हातपाय धुतले का. मी माझ्या घरात आले, चूल पेटवली आणि त्या दिवशीचे दोन्ही निरोप कुणालाही पोचवले नाहीत.