टिल्ट न होणारा साडू

गेमपार्लरच्या मिस्त्रीला दुसऱ्याचं चांगलं झालेलं खुपत नसे. फक्त साडूचं खुपे.

साडू घड्याळं दुरुस्त करायचा. मिस्त्रीची बायको उठता-बसता ऐकवी, "आमचे भावजी बघा. अंगावर चहा सांडला तरी आवाज चढत नाही. आणि तुम्ही? लगेच टिल्ट!"

हा शब्द घरात आणला होता मिस्त्रीनंच. पार्लरातल्या पिनबॉलच्या पोटात एक ओळंबा टांगलेला असतो आणि त्याच्याभोवती कडी. खाली पडणारी गोळी वाचवायला मशीन जरासं ढकललेलं चालतं. पण हिसडा जास्त बसला की ओळंबा कडीला शिवतो, काचेवर 'टिल्ट' पेटतं, गोळी परतवणारे फ्लिपर मरतात आणि गोळी मुकाट गटारात जाते. पुढं पुढं कुणीही भडकलं की पोरं 'टिल्ट झाला' म्हणू लागली. बायकोनं तो शब्द नवऱ्यासाठीच राखून ठेवला.

पार्लरातल्या गुणांच्या फळ्यावर पहिला आकडा अकरा वर्षं मिस्त्रीचा होता. साडू जेवणाच्या सुट्टीत खेळायला येऊ लागला आणि महिन्याभरात दुसऱ्या जागी येऊन बसला. मिस्त्रीला घास गोड लागेना.

एका सकाळी त्यानं मशीन उघडलं आणि ओळंबा कडीच्या इतका जवळ आणून ठेवला, की मधून केस जेमतेम जाईल. "आता खेळ म्हणावं, शहाण्या!"

दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकं टिल्ट होऊन शिव्या घालत गेली. मग साडू आला. झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तशी त्यानं बटणांवर बोटं ठेवली. गोळी कडेला घसरली तरी गडी ढिम्म. गेली तर गेली! मशीन तसूभरही हललं नाही. आकडा चढत चढत मिस्त्रीच्या आकड्याला मागे टाकून गेला.

"साडूभाऊ," साडू वळून म्हणाला, "ते टिल्ट टिल्ट म्हणतात, ते नक्की काय असतं हो? मला एकदाही दिसलं नाही."

मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. ढकलण्यातच खरी कला, हे तो अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आला होता.

"ते आमच्यासारख्यांना होतं," तो कसाबसा म्हणाला. "आणि हे बघा, घरी काही बोलू नका."

"बोलायचं काय त्यात? दोघी बहिणी मघापासून तुमच्या मागेच उभ्या आहेत."

मिस्त्रीनं मान वळवली. बायको खडू घेऊनच पुढं आली.

"लिहा की आता. अक्षर तरी तुमचं चांगलं आहे."

तो लिहू लागला. एक शून्य गाळावं असं त्याला फार वाटलं. पण बायको शेजारी उभी राहून मोजत होती.