नसलेला नियम

शेवंताआत्या. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर तिचे. आई गेल्यावर मुरबाडजवळच्या आमच्या गावात शाळेत माझं नाव घालायला तीच आली. फॉर्मवर अंगठा तिचाच आहे. घरातला पहिला पदवीधर मी — त्या अंगठ्यामुळे. आणि तिच्याशी मी कसा वागलो, हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

नोकरी लागल्यावर मीच तिला हट्टाने कल्याणला आणलं. आमच्या फ्लॅटच्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. ऊन आत येतच नाही. थंडी पडली तशी आत्या रोज दहा वाजता खाली जाऊ लागली. पार्किंगच्या कडेला गोणपाट टाकायची, लुगडं गुडघ्यापर्यंत घ्यायची, पायांना तेल चोळत बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका — "बस ना रे, ऊन काय कुनाच्या बापाचं हाय?" लोक हसायचे. काही जण बसायचेसुद्धा.

एकदा लिफ्टमध्ये एका बाईंनी विचारलं, खाली उन्हात बसतात त्या तुमच्याकडे कामाला आहेत का? मी — काय बोलायला हवं होतं? एकच शब्द पुरला असता. मी नुसता हसलो.

त्याच संध्याकाळी आत्याला खालच्या नोटीस बोर्डासमोर उभं केलं. ओळींखालून बोट फिरवत वाचून दाखवलं — खाली बसायला मनाई आहे. सोसायटीचा नियम. तिने मान डोलावली, वर येऊन गोणपाट घडी करून ठेवलं. दोन हिवाळे ती उन्हात बसली नाही.

मग कंबर धरली, मांड्या दुखू लागल्या. वय झालं, असं मी म्हणत राहिलो. एक दिवस तिला जमिनीवरून उठताच येईना. रक्त तपासलं; ड जीवनसत्त्व फारच कमी. डॉक्टरांनी विचारलं, आजी, उन्हात बसत नाही का?

"आमच्या बिल्डिंगीत नियम हाय ना. ह्यानं वाचून दावला. शिकलेला हाय माझा."

केवढ्या अभिमानाने म्हणाली! तेव्हा तरी बोलायचं ना? मी औषधांचा कागद वाचत राहिलो.

सध्या ती लेकीकडे, टिटवाळ्याला आहे. मंदाताईचं बैठं घर, पुढे अंगण. औषध चालू आहे, दर रविवारी एक पुडी. परवा मंदाताईचा फोन आला — आई आज हात न टेकता उठली, आणि उठल्या उठल्या मलाच कामं सांगायला लागली. इतका आनंद झाला मला! त्या आनंदातच बसून पत्र लिहिलं. फोनवर मी पुन्हा विषय बदलला असता.

"ती. आत्यास साष्टांग नमस्कार. मंदाताई, हे तिला मोठ्याने वाचून दाखव, काही गाळू नकोस. आत्या, रविवारची पुडी दुधातून घेत जा. दहा-अकराच्या उन्हात बसत जा. आमच्या त्या बोर्डावर पाणी सोडायच्या वेळा लिहिल्या होत्या. बसायला मनाई कधीच नव्हती. तुला वाचता येत नाही, म्हणून मी ते रचलं. डॉक्टरांसमोरही गप्प बसलो. मंदाताई, थांबू नकोस, पुढचं वाच — आत्या, मला तुझी लाज वाटायची.
तुझा दिनेश"