सोमवारचं माप

आमच्या बेसा वस्तीतल्या टेलरबाईंनी उभ्या जन्मात कुठल्याही बाईला "जाड झालीस" असं म्हटलं नाही. एखादी आरशासमोर श्वास कोंडून, हुक ओढत, ओशाळी होऊन उभी असली की त्या गळ्यातला टेप काढत म्हणायच्या, "तू नाही वाढली वं. माप जुनं झालं." बाईच्या शरीरावर लादलेल्या लाजेबद्दल मी पानंच्या पानं वाचली होती, काही लिहिलीही होती. पण दोन वाक्यांत ती लाज कुणी इतकी सहज उसवलेली पाहिली नव्हती.

एका इमारतीच्या पार्किंगमधला गाळा, एक मशीन, घरघरणारा कूलर आणि मागच्या कोपऱ्यात जुन्या साडीचा पडदा, एवढंच त्यांचं दुकान. मी चौथ्या महिन्यात तिथं पहिल्यांदा गेले. लग्नसराई होती, तरी पोटुशी बाई आली की तिचा नंबर पहिला. त्यावरून एका नवरीची आई भडकली. "आमचं लग्न परवा आहे, बाई! हिला अजून पाच महिने आहेत!" टेलरबाईंनी मान वर न करता उत्तर दिलं, "तुमची पोट्टी एकटी उभी आहे. हे दोघं उभे आहेत." नवरीची आई बाजूला सरकली.

खरा दरबार भरायचा पडद्याआड. धंतोलीच्या दवाखान्यात दोन तास ताटकळून जे बोलायला जीभ उचलत नाही, ते बायका तिथं माप देता देता बोलून जायच्या. शिंकलं की थेंब सुटतो. शौचाला होत नाही. जेवलं की छातीत जळतं. पोटरीत गोळा येऊन झोपमोड होते. टेलरबाई तोंडातल्या टाचण्या काढून आधी म्हणायच्या, "हे चालते. सगळ्याइले होते." मग एकच गोष्ट सांगायच्या. गोळा आला तर पाय लांब करून बोटं स्वतःकडे ओढायची. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हातावर जोर द्यायचा. पोटभर एकदा खाण्यापेक्षा चारदा थोडं खायचं आणि जेवल्याबरोबर आडवं व्हायचं नाही. सलवारची नाडी पोटावर नाही, पोटाखाली. पोटावरच्या रेघा पाहून एक मुलगी रडायला लागली, तेव्हा म्हणाल्या, "कापड ताणलं त रेघ पडतेच. फाटलं त नाही ना?" रडता रडता ती मुलगी हसली.

औषध मात्र त्या कधी सांगायच्या नाहीत. कुणी काढा विचारला की, "मी टेलर आहो वं. डॉक्टर तिकडे बसते." आणि क्वचित एखादीचं बोलणं ऐकता ऐकता त्यांचा हात थांबायचा. "हे चालत नाही. आत्ता जाय." बाळ दोन दिवस कमी हलतंय असं एकीनं सांगितलं, तर तिचा अर्धवट टाचलेला कुर्ता अंगातून काढून घेतला आणि रिक्षा थांबवायला स्वतः रस्त्यावर गेल्या.

मी त्या वेळी घरकामाला जाणाऱ्या बायकांसोबत काम करत होते. पोट दिसायला लागलं की मालकिणी त्यांना घरी बसवतात, त्याविरुद्ध मी पत्रक लिहिलं होतं. आमच्या चळवळीतल्या घरात पत्रकांच्या घड्या घालतच मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे भाषा बरीच तिखट. 'गरोदरपण म्हणजे आजार नव्हे', असा मथळा. टेलरबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. "बराबर आहे. पण हे वाचून एखादी दुखणं लपवन." मला राग आला. म्हटलं, काकू, हा हक्काचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, "हक्काचाच आहे. दुखते म्हणायचाही हक्क आहे ना?" मी पत्रक घडी करून पिशवीत टाकलं. एवढी सरळ गोष्ट मला शत्रूच्या बाजूची वाटली होती.

आठवा महिना लागला. शुक्रवारी चार वाजता रामदासपेठेत त्या बायकांची सभा होती, त्यात मला बोलायचं होतं. त्यासाठी एक सैल कुर्ता शिवायला दिला. माप सोमवारी झालं. बुधवारपासून माझं डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. पोटुशी बाई धडधाकट असते असं मंचावरून सांगणारी मी आदल्या दिवशी अंथरुणात सापडले असते, तर त्या बायकांच्या मालकिणींना आयतंच निमित्त मिळालं असतं. मी असाच विचार करत होते.

शुक्रवारी सकाळी कुर्ता घालून पाहिला. पोटावर छान बसला. बाही मात्र दंडावर अडकली.

"काकू, या वेळी तुमचं माप चुकलं," मी हसत म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. टेप काढून दंड मोजला, वही पाहिली, पुन्हा मोजला. मग माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "माप जुनं नाही वं. सोमवारचं आहे. एक इंच वाढलं. पोट वाढते, दंड चार दिवसांत नाही वाढत. डोस्कं दुखते का?"

"थोडं."

"डोळ्यापुढं चमकते का?"

मी अडकलेली बाही खाली ओढत राहिले. त्यांनी मशीनवरचा कुण्या नवरीचा ब्लाऊज तसाच सुईखाली ठेवला आणि शटर ओढलं.

"काकू, चारला सभा आहे माझी."

"सभा तुह्याबिगर होईन. बाळ नाही होणार."

रिक्षात धंतोलीपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं की माझी तारीख मंगळवारची आहे. टेलरबाईंनी गळ्यातला टेप काउंटरवर ठेवला. "हिचा दंड चार दिवसांत एक इंच फुगला. डोस्कं दुखते, डोळ्यापुढं चमकते. मी टेलर आहो, मले इंच समजते. बीपी पाह्य पहिले." मुलगी हसू दाबत उठली आणि नर्सला बोलावून आणलं. नर्सनं बीपी घेतला. आकडा पाहून ती दुसरं मशीन घेऊन आली. दुसऱ्या मशीनचा आकडा पाहून धावत गेली.

माझी मुलगी त्याच संध्याकाळी ऑपरेशननं, दिवस भरायच्या आत जन्मली. काही दिवस काचेच्या पेटीत होती. डॉक्टर नंतर म्हणाले की ही सूज चढलेल्या बीपीची होती; तुम्ही सभेला गेला असतात तर मंचावरच फिट आली असती, मग दोघींचंही काही सांगता आलं नसतं.

मागच्या वर्षी टेलरबाईंची नजर सुईला पुरेनाशी झाली. मुलगा त्यांना अकोल्याला न्यायला आला, तेव्हा सामान बांधायला मी गेले. वह्यांचा गठ्ठा त्यांनी रद्दीत काढला होता, फक्त एक पिवळी पडलेली वही बाजूला ठेवली. मी उघडली. शोभा, असं नाव. दंड नऊ. खाली आठ दिवसांनंतरची तारीख. दंड दहा.

"माही लहानी बहीण. पहिलटकरीण होती. मी नवीनच मशीन शिकलेली. बाही घट्ट झाली म्हणे, त मी उसवून दिली. मले आनंद, का माहेरचं अन्न अंगी लागून राहिलं. डोस्कं दुखते म्हणे, त बाम चोळून दिला." त्यांनी वही माझ्या हातून घेतली. "दोघंही गेले. दोन्ही मापं माह्याच हातानं लिहून होती, पोट्टी. मी पाहिली नाही."

मी कुणाच्या पाया पडत नाही. आमच्या घरात ती रीत नव्हती आणि मला ती पटतही नाही. त्या दिवशी गाडीपाशी मी वाकले. त्यांचे हात माझ्या खांद्यांवर आले आणि तिथंच थांबले. बोटांनी शिवण चाचपली.

"उठ वं," टेलरबाई म्हणाल्या. "वाकली त काखेत ताणून राहिलं. कोणं शिवलं हे?"