शाळेत गायलेला धवला

मिठागरवाल्या भागोजीचा धर्मा माझ्या वर्गात होता. एकतीस-बत्तीस सालची गोष्ट, थळजवळची आमची शाळा. पोरगा इतका मवाळ, की चिंबोरीने बोट धरलं तरी तिचीच नांगी मोडू नये म्हणून जपायचा. पोरं पोवाडा म्हणू लागली की हा कोपरा धरी. त्याला वेड धवल्यांचं. आम्हा आगऱ्यांत लग्न लावायची धवलारीण. ती नवरा-नवरीची नावं घालून धवले गाते, की लग्न लागलं. गाणार बाईच. धर्माची आत्या आवडाबाई धवलारीण, तिच्या मागे फिरून याने सगळे पाठ केलेले.

वर्गातल्या सगुणाचं अगदी उलटं. गुरुजींनी तिला पाळणा म्हणायला सांगितला, तर हिने पोवाडा असा ठोकला की कौलांवरचे कावळे उडाले.

बक्षीस समारंभाला गुरुजी म्हणाले, ज्याला जे आवडतं ते म्हणा. ते घाटावरचे, त्यांना आमच्यातलं काय ठाऊक? धर्माने डोळे मिटून धवला धरला. नावांची जागा आली, ती रिकामी कशी सोडायची? समोर सगुणा होती, पलीकडे वर्गातलाच मोरू. घातली दोघांची नावं. गावातल्या म्हाताऱ्या कपाळाला हात लावून बसल्या.

सगुणाची सोयरीक रेवदंड्याला ठरलेली. तिकडून निरोप आला, की पोरीवर धवला गायला गेला, आता ती मोरूचीच. तिच्या आईने चूल पेटवली नाही. भागोजीने धर्माला फावड्याच्या दांड्याने झोडला.

गावचे म्होरके कोंडाजीबाबा, त्यांच्या ओटीवर पंच बसले. आवडाबाई भाच्याकडे न बघता म्हणाली, “धवला बाईच्या तोंडचा. बाप्यानं म्हटला तर ते नुसतं गाणं.”

“नुसतं गाणं होतं, हे पोराच्या तोंडून येऊ दे,” कोंडाजीबाबा म्हणाले.

धर्मा म्हणाला, “आतेची नक्कल केली मी. मना त्यातलं काय येत न्हाय.”

सोयरीक टिकली. मोरूला आम्ही पुढे कितीतरी दिवस ‘जावई’ म्हणून छळला. धर्मा मात्र शाळा सोडून मिठागरावर गेला.

वैशाखात सगुणाचं लग्न निघालं. धर्मा आणि मी मांडवाबाहेर रांजण भरत होतो. आत धवले गाणाऱ्या आवडाबाईचा आवाज बसलेला. एका जागी ती अडखळली आणि मधलं सोडून पुढचंच कडवं धरलं. धर्माची कळशी हातातच थांबली.

“चुकली काय रं?” मी विचारलं.

“मना काय ठाव,” तो म्हणाला, आणि पाणी ओतू लागला.