जुसोहने न टांगलेला खांब

बेसुत गावच्या नदीकाठी लाकडाच्या बाबतीत जुसोहइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता. खांबावर वेल कोरायची तर ती बुंध्याकडून शेंड्याकडे चढली पाहिजे, आणि तिच्या एकाही पानाचं टोक शेजारच्या पानाला टोचता कामा नये, यावरून तो गिऱ्हाइकाशीसुद्धा भांडायचा. झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा राहायला हवा. उलटा रोवला तर त्या घरात काही वाढत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून वखारीतून आलेला प्रत्येक खांब तो आधी दोरीने मधोमध टांगायचा. जे टोक जड म्हणून खाली झुकेल तो बुंधा. तिथे कोळशाने खूण करायची आणि मगच पटाशी हातात घ्यायची.

एकच खांब त्याने टांगला नव्हता. भाची सारिपाच्या नव्या घराच्या ओसरीचा. रमजानचे शेवटचे दिवस होते, घशाला कोरड पडलेली, दोरी आणायला उठायचा कंटाळा आला. "मला नुसतं बघून कळतं," असं स्वतःशीच म्हणत त्याने वेल कोरायला घेतली. तीस वर्षांच्या हाताचा गर्व, दुसरं काय!

त्या घरात सारिपाचे दोन गर्भ गेले. पहिला गेला तेव्हा जुसोहची झोप उडाली, दुसरा गेला तेव्हा जेवण. सारिपाची सासू मेक थोम तर भर बाजारात मासळी निवडता निवडता म्हणायची, "माझ्या लेकाने ओसाड जमीन घेतली, बाई!"

शेवटी जुसोहच्या बायकोनेच, मुनाहने, विषय काढला. "अहो, नुसता भात चिवडताय. काय झालंय?"

"सारिपाचा खांब मी टांगला नव्हता."

मुनाहने त्याच्यापुढचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मला काय सांगताय? जिच्या दारात तो उभा आहे तिला सांगा."

सारिपा ओसरीत नारळ खवत बसली होती. त्याने सगळं सांगून टाकलं. ती रडेल असं त्याला वाटलं होतं, ती भडकली.

"दोन वर्षं, मामा! दोन वर्षं मी लोकांचं ऐकून घेतेय, आणि तुम्ही दर शुक्रवारी इथंच बसून माझ्या हातचा चहा पिताय? आता हेच माझ्या सासूसमोर बोला."

तो बोलला. मेक थोमने कमरेवर हात ठेवले. "भाचीच्या दोषावर पांघरूण घालायला मामा गोष्टी रचतोय. काढा तो खांब आणि टांगा माझ्यासमोर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा माणसांनी ओसरीला टेकू देऊन खांब काढला. अंगणात अर्धं गाव जमलं. खांब हेलकावू नये म्हणून कारागिराने कोरलेल्या वेलीच्या शेंड्याकडचं टोक धरायचं असतं. जुसोहने ते धरलं. दोर ताणला, खांब जमिनीवरून उचलला गेला, आणि त्याच्या तळहाताला कळलं. जड बाजू पलीकडे होती. त्याने वेलीचं मूळ कोरलं होतं तिथेच. खांब सुलटा होता.

क्षणभर त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मग त्याला समोर सारिपा दिसली. दोन्ही हात पोटावर घट्ट दाबून ती दोराकडे बघत होती. शेजारी मेक थोम बोलायच्या तयारीतच होती.

जुसोहने आपल्या टोकावर हळूच अंगाचा भार टाकला. खांब त्याच्या बाजूला झुकला.

"उलटा," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

मेक थोमला सुनेच्या नजरेला नजर देता येईना. तिचा सगळा राग जुसोहवर निघाला. "माझी नातवंडं खाल्लीस तू! यापेक्षा मासे विकायचे होतेस!" तो मान खाली घालून ऐकत राहिला. सारिपा हमसाहमशी रडत होती. तो जवळ गेला तशी ती म्हणाली, "मामा, पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

घरी मुनाह वाट बघत होती. "खरंच उलटा निघाला?"

"हो," जुसोह म्हणाला.